विहारातल्या कपाटात त्यांची पुस्तकं का नाहीत?

ज्यांना आषाढीला पंढरपूर गाठता येत नाही, ती आमच्या भागातली माणसं नारायणगडावर जातात. बीड जिल्ह्यात या गडाला धाकटी पंढरी म्हणतात. मी दर्शनाला जात नाही. पण गर्दी असते तिथं पाणी लागतं, गोळ्या-औषध लागतं, चुकलेल्या लेकरांना सांभाळणारं कुणी लागतं. त्या कामासाठी मी आणि वस्तीतली चार-पाच पोरं तिथं उभे होतो.

खेळण्यांच्या आणि प्रसादाच्या दुकानांच्या रांगेतून एक जण टाळी वाजवत, पैसे मागत येत होती. आमच्यातल्या दोघांनी मोबाइल काढले. एकानं तिच्या चालण्याची नक्कल केली, बाकीचे हसले. गळ्यात निळा रुमाल आणि तोंडात ते हसू! ती आमच्यापुढं आली, माझ्याकडं पाहिलं, टाळी थांबवली आणि आजूबाजूला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "जयभीम, ताई."

मग ओळख पटली. आमच्याच वस्तीतलं लेकरू. विहारात त्रिशरण-पंचशील सगळ्यांच्या आधी पाठ झालेलं. घरात मार खाल्ला, शाळेत चेष्टा सोसली, नववीत शाळा सुटली आणि एक दिवस वस्तीही सुटली. आम्ही शिकलेली, चळवळीतली माणसं तेव्हा "घरातली बाब आहे" म्हणून गप्प बसलो. हे मी दुसऱ्या कुणाकडं बोट दाखवायला लिहीत नाही. त्या गप्प बसणाऱ्यांत मीही होते.

त्या संध्याकाळी नक्कल करणाराच पोरगा माझ्याकडं आला. "ताई, यांच्याबद्दल वाचायला काही आहे का?" मी विहारातलं कपाट उघडलं. बाबासाहेबांचे खंड आहेत. 'बलुतं' आहे, 'उपरा' आहे, 'उचल्या' आहे, 'जिणं आमुचं' आणि 'आयदान' आहे. तृतीयपंथी माणसानं लिहिलेलं एकही पुस्तक नाही. हा लेख त्या पोराला दिलेलं उत्तर आहे. पण नुसती यादी देऊन भागणार नाही. ही पुस्तकं आपल्या कपाटात का असली पाहिजेत, ते इतिहासातून पटलं पाहिजे. नाहीतर ती दयेपोटी विकत घेतली जातील आणि न वाचता धूळ खातील.

एकाच कायद्याचे दोन भाग

'उचल्या' आपण का वाचतो? एका जमातीला जन्मतःच चोर ठरवलं गेलं, त्याची साक्ष त्यात आहे म्हणून. हा जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का आला १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यातून. भटक्या-विमुक्तांच्या प्रत्येक भाषणात या कायद्याचा उल्लेख होतो. पण त्या कायद्याला दुसरा भाग होता, तो कुणी सांगत नाही. पहिला भाग जमातींसाठी होता, दुसरा हिजड्यांसाठी.

त्या दुसऱ्या भागात काय होतं? संशयित हिजड्यांची नोंदवही ठेवायची. नोंद झालेली व्यक्ती बाईच्या वेशात किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसली, सार्वजनिक ठिकाणी नाचली-गायली, तर पोलिसांनी वॉरंटशिवाय पकडायचं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. शिवाय अशा व्यक्तीला कुणाचं पालक होता येणार नाही, मूल दत्तक घेता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही, दानपत्र करता येणार नाही. सुरुवातीला हा कायदा उत्तर हिंदुस्थानात लागू झाला.

आता हे मनुस्मृतीच्या शेजारी ठेवून पाहा. नवव्या अध्यायात वारसा हक्कातून कुणाकुणाला वगळायचं याची यादी आहे. त्यात क्लीब पहिला आहे. त्याच्या मागं पतित, जन्मांध, बहिरा, वेडा, मुका. क्लीब म्हणजे आजच्या अर्थानं तृतीयपंथीच असं नाही, तो शब्द नपुंसकासाठी आहे. पण समाजाच्या ठरीव चौकटीतला पुरुष नसेल त्याला वाटा नाही, हा नियम तिथं स्पष्ट आहे. साहेबाच्या कायद्यानं वेगळ्या भाषेत आणि वेगळ्या कारणानं तेच केलं: मालमत्ता नाही, वारस नाही, घर नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे पुस्तक जाळलं गेलं, त्यानं फक्त आपल्याच पूर्वजांना वाट्याबाहेर ठेवलं नव्हतं. एवढं तरी आपल्याला माहीत हवं.

या वसाहती इतिहासावर जेसिका हिंची या अभ्यासक बाईंचं २०१९ चं इंग्रजी पुस्तक आहे, 'गव्हर्निंग जेंडर अँड सेक्शुअ‍ॅलिटी इन कलोनिअल इंडिया'. जड आहे, पण समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ते टाळू नये. सरकारी कागदांतून एका समाजाला संपवायची योजना कशी आखली जाते, ते त्यात पानोपानी दिसतं.

मराठवाड्याचा स्वतःचा कायदा

कुणी म्हणेल, हे उत्तरेतलं झालं, आपल्याकडं काय? आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या हैदराबाद संस्थानानं १३२९ फसलीत, म्हणजे १९१९ च्या सुमारास, स्वतःचा हिजडा कायदा केला. साचा तोच: नोंदवही, बाईच्या वेशात दिसल्यास विनावॉरंट अटक, दोन वर्षांपर्यंत कैद. हा कायदा हैदराबाद शहरासाठी आणि सरकार ठरवील त्या इतर ठिकाणांसाठी होता.

१७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. निजाम गेला, रझाकार गेले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. पण तेलंगण भागात हा कायदा पुस्तकात तसाच राहिला. वैजयंती वसंता मोगली आणि इतरांनी त्याला आव्हान दिलं आणि जुलै २०२३ मध्ये तेलंगण उच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला. कलम १४ ची समानता आणि कलम २१ चं जगण्याचं स्वातंत्र्य, या दोन्हींच्या तो विरोधात आहे असं न्यायालय म्हणालं. निजामाचा कायदा पाडायला शंभराहून जास्त वर्षं लागली आणि शेवटी तो पाडला बाबासाहेबांच्या संविधानानं. मुक्तिसंग्रामाच्या भाषणात हे वाक्य कधी आलंय का?

हैदराबादमधल्या हिजडा समाजावर गायत्री रेड्डी यांचं २००५ चं 'विथ रिस्पेक्ट टु सेक्स' हे पुस्तक आहे. त्यांच्याबरोबर राहून केलेला अभ्यास आहे तो. इज्जत या एका शब्दाभोवती ही माणसं आयुष्य कसं उभं करतात, ते त्यात कळतं. आपल्याला हा शब्द नवा नाही. आपली सगळी चळवळ त्याच शब्दावर उभी आहे.

वतन आणि जोगवा

एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: पूर्वी यांना मान होता, राजे-रजवाडे यांना पोसायचे, इंग्रजांनी सगळं बिघडवलं. यात अर्धं खरं आहे. मराठी राज्यांत हिजड्यांना गावोगावी फिरून पैसा-धान्य मागण्याचा हक्क होता आणि तो सनदेनं मिळायचा. एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारनं तो मोडीत काढला. लॉरेन्स प्रेस्टन यांचा १९८७ चा 'अ राइट टु एक्झिस्ट' हा दीर्घ लेख याच विषयावर आहे.

पण आपण आंबेडकरवादी आहोत. वतन या शब्दाला आपण लगेच भुलत नाही. महारवतनही मानच होता म्हणे! त्या मानानं आपल्या आज्या-पणज्यांना भाकरीचे तुकडे दिले आणि गावाच्या वेशीबाहेर बांधून ठेवलं. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणलं, ते याच कारणानं. जो मान मागून खायला लावतो, शेत देत नाही, शाळा देत नाही, तो मान नव्हे, दावं आहे. म्हणून आज कुणी किन्नरांना देवाचं लेकरू म्हणून आशीर्वाद मागायला जातो, तेव्हा मला महारवतन आठवतं. आशीर्वाद द्यायला लागणारा हात नोकरीला का चालत नाही?

दुसरा धागा जोगव्याचा. यल्लमाच्या नावानं सोडलेले जोगते, भवानीचे आराधी यांत बाईपण जगणारी कितीतरी माणसं आहेत आणि त्यांतली बहुतेक आपल्याच जातींतली. राजन गवस यांची 'भंडारभोग' ही कादंबरी जोगत्याची आहे आणि 'चौंडकं' जोगतिणीची. या दोन्हींवर आधारलेला 'जोगवा' सिनेमा २००९ साली आला, तो बऱ्याच जणांनी पाहिलाय. कादंबऱ्या वाचा. फक्त एक लक्षात ठेवा, त्या बाहेरून पाहणाऱ्या लेखकाच्या आहेत. करुणा भरपूर आहे, पण साक्षीची जागा करुणा घेऊ शकत नाही.

इथं बाबासाहेबांच्या एका भाषणाकडं यावं लागतं. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, पोतराज, आराधी यांची सभा झाली. धर्मांतराच्या घोषणेला पाठिंबा द्यायला ही माणसं जमली होती. बाबासाहेबांनी त्यांना खडसावून सांगितलं, हे लाजिरवाणं जिणं सोडा. आपल्यातले काही जण आजही या भाषणाचा दाखला देतात आणि म्हणतात, बघा, बाबासाहेबांनी यांना फटकारलं होतं. मी उलटं विचारते. त्या काळात कुठल्या पुढाऱ्यानं यांना आपल्या लढ्यातली माणसं समजून सभेला बोलावलं होतं? जिणं सोडा असं सांगणारा नेता त्यांना माणुसकीचा हक्कदार मानत होता, म्हणूनच सांगत होता. आपण त्यातलं फटकारणं उचललं आणि समोर बसवून घेणं विसरलो. जिणं सोडून जायचं कुठं, याची सोय तर समाजानं करायची होती. ती आपण केली का?

आता पुस्तकं, त्यांनी स्वतः लिहिलेली

पहिलं नाव दिशा पिंकी शेख यांचं. 'कुरूप' हा त्यांचा मराठी कवितासंग्रह. भटक्या समाजातून आलेली ही कवयित्री वंचित बहुजन आघाडीची प्रवक्ती राहिली आहे. जात, भटकेपण आणि लिंग हे तीन प्रश्न वेगवेगळ्या खान्यांत ठेवता येत नाहीत, हे त्यांच्या लिहिण्यात आणि बोलण्यात दिसतं. आपल्या भाषेत, आपल्या राजकारणातून आलेला हा आवाज आहे. सुरुवात इथून करा.

दुसरं, लिव्हिंग स्माइल विद्या यांचं 'आय अ‍ॅम विद्या'. मूळ तमिळ. विद्या दलित कुटुंबातल्या, भाषाशास्त्रात एम. ए. केलेल्या, आणि तरी पुण्याच्या आसपास रेल्वेत भीक मागून जगायची वेळ त्यांच्यावर आली. तेव्हा हे पुस्तक तमिळनाडूचं म्हणून बाजूला ठेवू नका, आपल्याच गाड्यांमधलं आहे ते. तृतीयपंथीयांचा द्वेष हा ब्राह्मणवादाचाच एक प्रकार आहे, अशी मांडणी विद्या यांनी पुढं एका मुलाखतीत केली. या मांडणीवर विहारात एक पूर्ण संध्याकाळ चर्चा होऊ शकते. जात जन्मावरून काम ठरवते, जागा ठरवते, कुणाला शिवायचं ते ठरवते. तृतीयपंथी माणसाच्या बाबतीत समाज वेगळं काय करतो?

तिसरं, ए. रेवती यांचं 'द ट्रुथ अबाउट मी'. २०१० साली इंग्रजीत आलं, भाषांतर व्ही. गीता यांचं. त्याच व्ही. गीता, ज्यांनी पेरियार आणि आंबेडकरांवर लिहिलंय. घर, हमाम, पोलीस ठाणं, गुरू-चेल्याचं नातं, त्यातला आधार आणि त्यातला जाच, काहीच लपवलेलं नाही. 'बलुतं' वाचताना आपल्याच माणसांची उणी बाजू पाहून पोटात गोळा येतो ना, तसंच इथं होतं. रेवती यांच्या पुढच्या 'अ लाइफ इन ट्रान्स अ‍ॅक्टिव्हिझम' या पुस्तकात ट्रान्स पुरुषांच्याही कहाण्या आहेत. जन्मानं मुलगी ठरवली गेलेली, पण पुरुष असलेली ही माणसं टाळी वाजवत रस्त्यावर दिसत नाहीत, म्हणून ती नाहीतच असं आपण धरून चालतो. आपल्याच माजलगावातल्या एका पोलीस शिपायाला शस्त्रक्रियेसाठी रजा मिळावी म्हणून २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं होतं. बातमी आली तेव्हा जिल्ह्यात चेष्टा किती झाली आणि विचार किती झाला, आठवून पाहा.

चौथं, लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' हे मराठीत २०१२ साली आलं, शब्दांकन वैशाली रोडे यांचं. सगळ्यात सहज मिळणारं आणि भरभर वाचून होणारं. जरूर वाचा, पण डोळे उघडे ठेवून. लक्ष्मी ब्राह्मण कुटुंबातल्या. नालसा खटल्यात त्यांची भूमिका महत्त्वाची, ती नाकारायचं कारण नाही. पण पुढं किन्नर आखाडा उभा राहिला आणि २०१८ साली त्यांनी अयोध्येतल्या राम मंदिराला पाठिंबा दिला, तेव्हा देशभरातल्या अनेक ट्रान्स व्यक्तींनी आणि गटांनी जाहीर निषेध केला. मान मिळवायचे दोन रस्ते आहेत. एक आखाड्यात जागा मागण्याचा, दुसरा संविधानाकडून हक्क मागण्याचा. मंदिरप्रवेशापासून धर्मांतरापर्यंतचा प्रवास केलेल्या समाजाला या दोन रस्त्यांतला फरक कुणी समजावून सांगायची गरज नाही.

"हा आपला प्रश्न नाही"

हे वाक्य मी बैठकांत ऐकते. आधी जातीचं बघू, मग हे. २०११ च्या जनगणनेत 'इतर' लिंगाखाली ४,८७,८०३ माणसं नोंदली गेली. त्यांत ७८,८११ अनुसूचित जातींची आणि ३३,२९३ अनुसूचित जमातींची. नोंद न झालेली वेगळीच. मग हा आपला प्रश्न नाही, तर कुणाचा?

१५ एप्रिल २०१४, म्हणजे भीमजयंतीच्या दुसऱ्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयानं नालसा निकालात तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली आणि त्यांना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण द्यायला सांगितलं. इथं आपला प्रश्न थेट येतो. मागासवर्गाच्या एकाच खान्यात सगळ्यांना टाकलं, तर दलित ट्रान्स व्यक्तीनं अनुसूचित जातीचं आरक्षण सोडायचं का? म्हणून तमिळनाडूच्या ग्रेस बानू यांच्यासारखे दलित ट्रान्स कार्यकर्ते समांतर आरक्षण मागतात. स्त्रियांना किंवा अपंगांना मिळतं तसं, प्रत्येक प्रवर्गाच्या आत. कर्नाटकनं २०२१ साली सरकारी नोकऱ्यांत एक टक्का असं आरक्षण दिलं. महाराष्ट्रात ही मागणी मोर्चाच्या निवेदनात आपण किती वेळा घातली?

२०१९ चा केंद्राचा कायदा पाहा. बाईवर बलात्कार झाला तर किमान दहा वर्षं शिक्षा. तृतीयपंथी व्यक्तीवर लैंगिक अत्याचार झाला तर या कायद्यात सहा महिने ते दोन वर्षं. शरीर कुणाचं यावरून गुन्ह्याची किंमत ठरवणारा कायदा आपण कुठं वाचलाय, हे या लेखाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

आणखी एक आक्षेप आपल्या धम्मातूनच येतो. विनयात पंडकाला उपसंपदा नाही, असं कुणी अभ्यासू सांगतो. खरं आहे, महावग्गात तसा नियम आहे. पण त्याच विनयात भिक्खूच्या ठायी स्त्रीचं लक्षण प्रकट झालं तर काय करायचं, याचंही उत्तर आहे: त्याला हाकलायचं नाही, तोच उपाध्याय, तीच उपसंपदा कायम ठेवून भिक्खुणींमध्ये जाऊ द्यायचं. धम्मपदाच्या अट्ठकथेत सोरेय्य नावाच्या श्रेष्ठीपुत्राची गोष्ट आहे. तो स्त्री होतो, लेकरांना जन्म देतो, पुन्हा पुरुष होतो आणि शेवटी अर्हत होतो. शरीर बदललं म्हणून मुक्तीचा रस्ता बंद झाला नाही. मग जुन्या ग्रंथांतलं काय घ्यायचं? कसोटी बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये देऊन ठेवलीय: जे बुद्धीला पटतं आणि माणसाच्या कल्याणाचं आहे, तेच बुद्धाचं. या कसोटीवर माणसाला दारातून परत पाठवणं टिकत नाही.

करायचं काय

विहारातल्या वर्गणीतून ही पाच-सहा पुस्तकं घ्या. इंग्रजी पुस्तकं ज्याला वाचता येतात त्यानं दर रविवारी एक प्रकरण मराठीत सांगावं. आपल्या आधीच्या पिढीनं 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' असेच एकानं वाचून दहांनी ऐकले. भाषणात हिजडा हा शब्द शिवी म्हणून वापरणाऱ्या वक्त्याला तिथंच थांबवा, तो आपला असला तरी. ओळख प्रमाणपत्रासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाचा अर्ज भरायला मदत करा. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत उभं राहायला पाठबळ द्या. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचा महिला जागेवरचा अर्ज फेटाळला गेला होता. औरंगाबाद खंडपीठानं त्यांना लढू दिलं आणि २०२१ साली त्या निवडून आल्या. हे आपल्याच राज्यात घडतंय.

त्या दिवशी नारायणगडावर तिनं माझ्याकडं पैसे मागितले नाहीत. जाताना एवढंच विचारलं, "ताई, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारात आले तर चालंल का?" मी कुणाला न विचारता "ये" म्हणाले. ज्यांना विचारायला हवं होतं, त्यांच्यासाठी हा लेख लिहिलाय. ती येईल तेव्हा पहिल्या रांगेत कोण सरकून जागा देणार, ते आत्ताच ठरवा.

जयभीम!